जाड वीस, बारीक तीस

सुजाता गेल्याचं कळलं तेव्हा मी दारात उभी राहून दूधवाल्याशी हुज्जत घालत होते. दुधात पाणी घालायलाही काही सुमार असतो, असं माझं म्हणणं; बाई, म्हशीच पातळ दूध देऊन राह्यल्या, असं त्याचं. तेवढ्यात आत फोन वाजला. सुजाताचा मुलगा मिलिंद पुण्याहून बोलत होता. "मावशी, आई पहाटे गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच तसं विचारलं मी... सत्तरी ओलांडलेली बाई, नवऱ्याला पोचवून आलेली, 'गेली' म्हणजे काय ते मला कळत नाही असं थोडंच आहे. पण सुजाता जन्मभर कुठे ना कुठे निघालेलीच असायची, म्हणून तोंडातून तेच निघालं. परत दारात आले आणि दूधवाल्याला म्हटलं, "दे बाबा, जसं असेल तसं दे." तो बिचारा घाबरला, कारण इतक्या वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं.

आता दीड महिना होत आला. शोकसभा झाली, तिच्या मानोऱ्याच्या चौकात फलक लागला, दोघा-तिघांनी पेपरात लिहिलंही. सगळ्यांनी तिला रसायनशास्त्राची व्यासंगी शिक्षिका म्हटलं आहे. वाचून आधी मला हसू आलं आणि मग रडू आलं. कारण मी जिला ओळखते त्या सुजाताला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक साधं गणित सुटत नव्हतं आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका गणितावर टांगलेलं होतं. हे लिहिणाऱ्यांना ते कुठून ठाऊक असणार? तिथे तेव्हा होतं कोण... मी होते, तिचे बाबा होते आणि पोहरादेवीच्या जत्रेत बांगड्या भरायला बसलेल्या बायका होत्या. म्हणून मीच लिहिते. माझं लिहिणं माझ्या बोलण्यासारखंच आहे, इकडून तिकडे जातं, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सत्तरच्या दशकातलं वाशीम. तेव्हा तो जिल्हा नव्हता, अकोल्याच्या पोटातच होता. सायन्सला आम्ही मुली मोजून चार. त्यातल्या दोन दिवाळीनंतर लग्न होऊन गेल्या आणि आम्ही दोघी उरलो. आम्ही कासार, माझ्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी शिकते याचं घरात कुणाला फार कौतुक नव्हतं आणि अडचणही नव्हती. सुजाता जऊळक्याहून रोज पॅसेंजरने यायची. तिचे बाबा रेल्वेत गँगमन, रुळांवर काम करणारे, त्यामुळे तिला पास मिळायचा आणि पास होता म्हणूनच कॉलेज होतं. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडायचा. मग ती स्टेशनपासून अशी तरातरा चालत यायची की रस्त्यातली माणसं बाजूला व्हायची. बाकावर बसली की आधी श्वास घ्यायची आणि मग पिशवीतून भाजलेले चिंचोके काढायची. काळबांडे सरांच्या तासाला ती चिंचोका एका गालात धरून ठेवायची, आवाज होऊ नये म्हणून. सरांना वाटायचं या मुलीची दाढ सुजली आहे. त्यांनी एकदा फार काळजीने तिला लवंगेचं तेल सुचवलं होतं.

धर्मांतर झालं त्या वर्षी सुजाता पाळण्यात होती. आजीने ठेवलेलं नाव बाबांनी बदललं आणि सुजाता ठेवलं, हे ती न विचारता प्रत्येकाला सांगायची. बाबांना पोरीला शिकवायचं होतं, मनापासून. पण घरात बाबांचा मोठा भाऊ होता, म्हणजे तिचा चुलता, आणि त्याने अकोल्याच्या गिरणीतला एक मुलगा बघून ठेवला होता. नोकरी पक्की, मागणं काही नाही, पोरगा निर्व्यसनी. असं स्थळ परत येणार नाही, असं सगळे म्हणत. मोठ्या भावाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून बाबांनी मधला मार्ग काढला. एक साल. पहिल्या झटक्यात पास झाली तर पुढे शिकेल, नापास झाली तर उन्हाळ्यात लग्न. चुलता लगेच कबूल झाला, कारण जऊळक्याची पोरगी सायन्सला जाऊन पहिल्या झटक्यात पास होईल हे त्याला स्वप्नातही खरं वाटत नव्हतं. सुजाताने हे मला अगदी सहज सांगितलं, आज भाजी काय आणली हे सांगावं तसं. मला मात्र त्या दिवसापासून तिच्या परीक्षेची माझ्या परीक्षेपेक्षा जास्त धडकी भरली.

आणि सहामाहीत ती केमिस्ट्रीत नापास झाली. बाकी सगळं तिला येत होतं, माझ्यापेक्षा बरं येत होतं. घोडं अडलं ते एका जागी. क्षार पाण्यात विरघळला की त्यातल्या आयनांचं प्रमाण किती, हे काढायचं गणित. आमच्या युनिव्हर्सिटीला त्या गणिताचा इतका लळा होता की ते आलं नाही असा पेपर कुणी पाहिला नव्हता, आणि त्यावरच पुढची दोन गणितं उभी असायची. वाचकांनी घाबरू नये, गोष्ट सोपी आहे. मीठ पाण्यात टाकलं की त्याचा प्रत्येक कण सुटा होतो आणि त्यातले धन आणि ऋण भाराचे आयन वेगवेगळे फिरायला लागतात. अॅल्युमिनियम सल्फेट घेतलं तर त्याच्या एकेका कणातून अॅल्युमिनियमचे दोन आणि सल्फेटचे तीन आयन सुटतात. द्रावण पॉइंट एक मोलर असेल, म्हणजे लिटरमागे तेवढा माल असेल, तर अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट म्हणजे पॉइंट दोन आणि सल्फेट तिप्पट म्हणजे पॉइंट तीन. संपलं गणित. सुजाता काय करायची, तर त्या पॉइंट एकचेच पाच वाटे करायची, दोन वाटे अॅल्युमिनियमला द्यायची आणि तीन सल्फेटला. सगळं नीट, सुवाच्य अक्षरात, आणि साफ चूक.

मी तिला म्हटलं, अगं, गुण ना, भागतेस कशाला? तर ती म्हणाली, "नले, घरी एक भाकर हाये अन् खानारे पाच. तोडली तं प्रत्येकाच्या हाती पाचवा हिस्साच येते ना? का तुही भाकर तोडल्यावर वाढते वं?" मला गुणाकार येत होता, पण तो का करायचा हे मला तरी कुठे ठाऊक होतं... सरांनी फळ्यावर लिहिलं, मी उतरवून घेतलं, एवढाच माझा त्या गणिताशी संबंध. सुजाताच्या घरात मात्र तिच्या देखत रोज काही ना काही वाटलं जायचं आणि वाटलं की ते कमीच व्हायचं. तुकडे झाले आणि तरी आकडा वाढला, हे तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. काळबांडे सर भला माणूस, त्यांनी तिला दोनदा थांबवून समजावलं, आणि शेवटी म्हणाले, बेटा, कळत नसेल तर सूत्र पाठ कर, परीक्षेत कोण विचारतं. तिने सरांपुढे मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मले कळल्याबिगर मी लिहीत नाई." मी म्हटलं, अगं बये, मार्क मिळतात ना. "मार्क तुले घे," ती म्हणाली.

अख्खा हिवाळा आम्ही त्यावरून भांडलो. मी चिडायचे, कधी रडकुंडीला यायचे. मला वाटायचं, हिला कळतंय का हिच्या डोक्यावर काय टांगलं आहे ते? एका सूत्रासाठी ही उन्हाळ्यात अकोल्याला जाऊन गिरणीच्या भोंग्यावर स्वयंपाक करणार? मी हे तोंडावर बोललेही. त्यावर ती चिंचोका चघळत म्हणाली, न कळता पास झाली तर पुढच्या वर्षी काय करू, तेव्हाही न कळताच? मग त्यापेक्षा गिरणीवाला काय वाईट... तिच्या या बोलण्यावर मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या वहीवर चिंचोके ठेवले आणि आम्ही परत भांडायला लागलो.

रामनवमीला पोहरादेवीला जत्रा भरते. आमचं तिथे दरवर्षी दुकान लागायचं. त्या वर्षी माझ्या काकूला ताप आला, बांगड्या भरायला हात कमी पडले. मी सहज सुजाताला म्हटलं, येतेस का? परीक्षा तोंडावर आली होती, पण ती आली. म्हणाली, देवाशी माझं काही काम नाही, जत्रा मात्र बघायची आहे. आईने निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणी हिला नाव-गाव विचारलं तर तूच काहीतरी सांग. त्या काळी लोक कुणाच्या हातून काय घ्यायचं ते बघत, आणि आईला धंद्याची काळजी. सुजाताने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. पण दुकान लागल्यापासून समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ती हात हातात घेताना आधी सांगायची, मी सुजाता, जऊळक्याची, गँगमनची पोरगी, आमी बौद्ध. एकीनेही हात मागे घेतला नाही. बंजारा तांड्यांवरच्या बायका त्या, आरशाच्या चोळ्या, कोपरापर्यंत भरलेले हात. त्या उलट तिला विचारत, लग्न झालं का, का नाही झालं, किती शिकणार. एक म्हातारी म्हणाली, "एवढं शिकून का करशीन वं?" सुजाता म्हणाली, "एक गनित अडलं हाये आजी. ते सुटलं की सांगतो." म्हातारीला ते पटलं असावं, ती हसून हात पुढे करून बसली.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. जत्रेत गर्दी फार, मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून वडील घरूनच जोड बांधून न्यायचे. एका जोडात लाखेच्या दोन जाड बांगड्या आणि काचेच्या तीन बारीक, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. बाईने जोड मागितला की जोड उचलून द्यायचा. जोड फोडायचा नाही, हा वडिलांचा कडक नियम. कारण एकदा फोडला की जाड उरतात तर बारीक संपतात आणि मग कटकट. पण दुपारच्या त्या रेट्यात एका तांड्याच्या बायका आल्या आणि त्यांना बारीकच हव्या होत्या. माझी आई जेवायला गेलेली, वडील माल आणायला. सुजाताने मागचा पुढचा विचार न करता कात्री घेतली आणि दहा जोडांचे दोरे कापून सगळ्या बांगड्या रिकाम्या टोपलीत ओतल्या. मी ओरडणार तोच माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती टोपलीकडे बघत तशीच बसून राहिली होती. समोरची बाई हात पुढे करून थांबलेली, मागून रेटारेटी, आणि ही हलेना.

"नले," ती म्हणाली, "जोड किती होते?"

"दहा."

तिने टोपलीत हात घातला आणि मोजायला लागली. जाड एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, अगं मोजतेस काय, गिऱ्हाईक खोळंबलंय. ती ऐकेल तर शपथ. सगळ्या मोजून झाल्यावर म्हणाली, "जाड वीस, बारीक तीस. जोड तं एकबी राह्यला नाई. पन बांगडी एकबी कमी नाई झाली." मग माझ्याकडे वळून, मीच तिला इतके दिवस फसवत होते अशा सुरात म्हणाली, "तूनं सांगतलं काहून नाई, का इथं भाकर मोजाची नसते, बांगड्या मोजाच्या असते?" एवढं बोलून तिने समोरच्या बाईचा हात धरला आणि भराभर बांगड्या चढवल्या. टोपली तीच, आधी तिच्यात दहा जोड मावले असते, आता त्याच जागेत वीस जाड आणि तीस बारीक फिरत होत्या. जेवढे जोड तुटले त्याच्या दुप्पट हे आणि तिप्पट ते. अॅल्युमिनियम सल्फेट आमच्या टोपलीत होतं, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. आई परत आली तेव्हा जोड फोडले म्हणून मला बोलणी बसली, सुजाताला कोण बोलणार, ती पाहुणी. पण ती त्या दिवशी इतकी खुशीत होती की आईच्या वाटचं सुद्धा तीच हसत होती.

एप्रिलमध्ये पेपर झाले. केमिस्ट्रीचा शेवटी होता. तोवर घरी एक वेगळंच झालं होतं. चुलत्याने निकालाची वाट न बघता पाहुण्यांना परस्पर निरोप धाडला होता. पेपर संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बोलणी पक्की करायला जऊळक्याला येणार होते. म्हणून बाबा त्या दिवशी स्वतः तिला न्यायला वाशीमला आले. पेपर सुटल्यावर मी तिच्याबरोबर स्टेशनवर गेले. बाबा बाकावर बसले होते, खाकी कपडे, पायाशी पिशवी. पाहुण्यांचं त्यांनीच मला दोन शब्दांत सांगितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. काही तरी बोलायचं म्हणून मी सुजाताला विचारलं, शेवटच्या गणिताचं उत्तर काय आलं?

त्या वर्षी युनिव्हर्सिटीने गणित जरा वाकडं घातलं होतं. मिठाचं शंभर मिलिलिटर द्रावण आणि कॅल्शियम क्लोराइडचं शंभर मिलिलिटर, दोन्ही पॉइंट एक मोलर, एकत्र केली, तर क्लोराइड आयन किती? मी म्हटलं पॉइंट तीन. मिठातून पॉइंट एक, कॅल्शियम क्लोराइडच्या एका कणातून दोन क्लोराइड म्हणून पॉइंट दोन, झाली बेरीज. सुजाता म्हणाली, "माहं पॉइंट पंधरा आलं." मी म्हटलं, सुजाता, चुकलं. अगं, परत भागलंस तू.

"भागलं, पन चुकलं नाई," ती म्हणाली. "दोन टोपल्यातला माल एका मोठ्या टोपलीत वतला. माल वाढला तशी टोपलीबी दुप्पट झाली ना? माल तूनं मोजला नले, टोपली कोन मोजन?"

मी ऐकायला तयार नव्हते. जिला मी वर्षभर शिकवलं ती मला शिकवते म्हणजे काय? माझा आवाज चढला, तिचाही चढला, हमाल बघायला लागले. शेवटी तिने खाली बसून फलाटाच्या धुळीत बोटाने लिहिलं. सोडियम पॉइंट झिरो पाच. कॅल्शियम पॉइंट झिरो पाच, पण त्याच्यावर धन भार दोन-दोन, म्हणून तो दुप्पट धरायचा. दोन्ही मिळून धन पॉइंट पंधरा. समोर ऋण क्लोराइड पॉइंट पंधरा. "जुळलं," ती म्हणाली. "पान्यात धन अन् ऋण बरोबरच असाले पाह्यजे. तुह्या पॉइंट तीनले जोडी कोन हाये, सांग." माझ्या पॉइंट तीनला जोडी नव्हती. तरी मी म्हटलं, सरांना विचारू, पुस्तकात बघू. ती म्हणाली, विचार तू, बघ तू... मला नाही विचारायचं.

बाबा बाकावरून उठून केव्हा आमच्याजवळ येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी त्या धुळीतल्या आकड्यांकडे पाहिलं. "तुले कोनी सांगतलं का हे बरोबर हाये म्हनून?" त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही, पण जुळतंय ना बाबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी तंबाखू काढली, मळली, आणि गाडीचा सिग्नल पडला तेव्हा म्हणाले, "उद्या पाहुने येतीन. त्याइले चहा पाजू अन् वाटेले लावू."

सुजाताला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, बाबा, निकाल? "निकाल लागाचा तो लागन," ते म्हणाले आणि पिशवी उचलून गाडीकडे चालायला लागले. पुढे खूप वर्षांनी, ते थकल्यावर, मी त्यांना विचारलं होतं, काका, त्या दिवशी तुम्हाला गणित कळलं होतं का? ते हसले. म्हणाले, "गनित कायचं कळते मले. मी जनमभर साहेब म्हनन तसा रूळ ठोकला. साहेब चुकून राह्यला हे दिसे, पन नाई म्हनता नाई आलं. अन् ही पोट्टी, तुह्याकडूनच शिकली अन् तुलेच नाई म्हने. म्हटलं, हे आपल्याले जमलं नाई, हिले जमून राह्यलं." हे ऐकून मी घरी आले आणि पोटभर रडले. माझ्या चुकीच्या उत्तराने एवढं काम केलं होतं, आणि बरोबर उत्तर आलं असतं तर आम्ही दोघी खूश होऊन गप्प बसलो असतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे पेढे घेऊन गेले असते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कामाला आलेलं उत्तर ते, पॉइंट तीन.

निकाल लागला. सुजाता सेकंड क्लासमध्ये पास झाली. मी नापास झाले, तेही केमिस्ट्रीत नव्हे, इंग्रजीत. सुजाता पेढे घेऊन आमच्या घरी आली आणि माझं तोंड बघून पेढ्यांचा पुडा पदराखाली लपवून बसली. आईनेच ओळखलं आणि म्हणाली, काढ गं तो पुडा, हिचं ऑक्टोबरमध्ये होईल. झालंही. त्या तीन महिन्यांत जऊळक्याहून येऊन माझी इंग्रजी पत्रं आणि निबंध तपासायला कोण बसायचं ते सांगायला नको. तिची इंग्रजी काही फार थोर नव्हती, पण कळल्याशिवाय ती मलाही काही लिहू देत नसे. मला तिचा त्या दिवसांत इतका राग यायचा. आता तो रागसुद्धा हवाहवासा वाटतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बी.एस्सी., बी.एड., मानोऱ्याच्या शाळेत नोकरी, शाळेतल्याच एका भल्या मास्तरांशी लग्न, मिलिंद. मास्तर आधी गेले. मी वाशीमलाच राहिले, संसार केला, शिकवण्या घेतल्या. तिच्या वर्गावर मी दोन-तीनदा जाऊन बसले होते. मला वाटलं होतं बांगड्या काढेल, जोड फोडून दाखवेल. छे. ती पोरींना विचारायची, तुमच्या घरी काय मोजता? कुणी म्हणायची कोंबड्या, कुणी तुरीच्या पेंढ्या, आणि त्यावरून त्यांचं त्यांनाच शोधायला लावायची. मी म्हटलं, अगं, बांगड्यांचं सांग ना, लगेच कळेल. ती म्हणाली, "ते माहं होतं नले. त्याइचं त्याइले सापडू दे." माझा मात्र मोह आवरायचा नाही, मी शिकवणीत दरवर्षी बांगड्यांचंच सांगायचे.

सुजाता गेल्यानंतरच्या जलदान विधीला मी मानोऱ्याला गेले. वंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा मिलिंदने मला घराच्या मागच्या खोलीत नेलं. त्या खोलीबद्दल मला ऐकून माहीत होतं, पण गेल्या काही वर्षांत गुडघ्यांमुळे माझं येणंच झालं नव्हतं. सहा लोखंडी खाटा, खाली सहा पेट्या, भिंतीला लागून एक लांब टेबल आणि टेबलाशी बसलेल्या सहा मुली. तांड्यांवरच्या. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप ऊस तोडायला जातात, तिकडे उन्हाळ्यापर्यंत राहतात, आणि पोरगी हाताशी आली की तिलाही नेतात. शाळा तिथेच सुटते. सुजाता दरवर्षी ट्रक यायच्या आधी तांड्यावर जाऊन बसायची आणि एकेका बापाकडून पोरगी मागून आणायची, परीक्षेपुरती. सामान ठेवायला बांधलेली खोली, त्यात तिने किती मुली ठेवल्या आणि किती पुढे पाठवल्या ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा एवढं मोठं आहे हे नाही सांगितलं... "मावशी, आम्ही दोघं पुण्याला," मिलिंद म्हणाला. "हे आता कसं करायचं, मला सुचत नाही."

तेवढ्यात मागच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, पायात धूळ, ऊसतोडीवरून रातोरात निघून आलेला. बारावीतल्या अंजलीचा बाप. त्याने आधी सुजाताच्या फोटोपुढे हात जोडले आणि मग खाटेखालची लेकीची पेटी ओढली. अंजली टेबलाशी तशीच बसून राहिली, पेन हातात, वर बघेना. तो मला म्हणाला, "बाई होती तवर मले घोर नव्हता. आता पोरगी कोनाच्या भरोशावर ठेवू?"

मी काय ठरवून बोलले असं नाही. माझं वय, माझे गुडघे, वाशीमचं घर, तिथली कुंडीतली तुळस, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "माझ्या." त्याने मला खालून वर पाहिलं. तुम्ही कोण, म्हणाला. मी म्हटलं, तिच्या बाकावर बसायचे मी, कॉलेजात. तुम्ही इथे राहता का? मी म्हटलं, हो, राहते. मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. मग त्या माणसाने पेटी पायाने परत खाटेखाली सरकवली, डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि दारातून वळून लेकीला म्हणाला, "बाई सांगन तसं राहाय."

तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला, अंजलीने वहीचं पान उलटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही बाई म्हणजे मी.